डार्विनला जवळपास चाळीस वर्षं उलट्यांनी छळलं, पण दुखणं नेमकं कुठं होतं? पोटात की मनात?

२४ नोव्हेंबर १८५९. लंडनमध्ये एक पुस्तक बाजारात आलं. पहिल्या आवृत्तीच्या १२५० प्रती छापल्या होत्या आणि विक्रीसाठीच्या सगळ्या प्रती पुस्तक विक्रेत्यांनी दोन दिवस आधीच उचलल्या होत्या.

पुस्तकाचं नाव होतं 'ऑन द ओरिजिन ऑफ स्पीशीज'. सजीव सृष्टीकडे बघायची माणसाची नजरच या पुस्तकाने बदलून टाकली.

आपल्याकडे पुस्तक प्रकाशन म्हटलं की शाल-श्रीफळ, भाषणं, फोटो आलेच. पण या पुस्तकाचा लेखक त्या दिवशी लंडनमध्ये नव्हताच. तो लांब उत्तरेला, यॉर्कशायरमधल्या इल्कली नावाच्या गावात थंड पाण्याचे उपचार घेत होता. कारण पोट साथ देत नव्हतं.

लेखकाचं नाव चार्ल्स डार्विन.

शाळेच्या पुस्तकात डार्विन भेटतो तो पांढऱ्या दाढीचा, खोल नजरेचा, शांत म्हातारा. पण या शांत दिसणाऱ्या माणसाने आयुष्यातली जवळपास चाळीस वर्षं मळमळ, उलट्या, पोटातला गॅस, छातीतली धडधड आणि थरथर यांच्यासोबत काढली. एखादा पाहुणा येऊन अर्धा तास गप्पा मारून गेला तरी रात्री झोप उडायची. जेवणाच्या पंगतीला गेला तर नंतर अंग थरथरायचं आणि उलट्या व्हायच्या.

परीक्षेच्या सकाळी पोटात गोळा येणं, इंटरव्ह्यूच्या आधी मळमळणं, वाईट बातमी ऐकून ओकारी येणं, हे आपल्यापैकी अनेकांनी अनुभवलेलं असतं. त्यावर घरचे काय म्हणतात तेही पाठ असतं. काही नाही, टेन्शन आहे, होईल ठीक.

डार्विनच्या बाबतीत हा प्रश्न आजही सुटलेला नाही. हे टेन्शन होतं की खरा आजार? आणि मुळात हे दोन वेगळे आहेत का?

आई गेली आणि घर गप्प झालं

डार्विनचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ चा, इंग्लंडमधल्या श्रूजबरी गावचा. वडील रॉबर्ट डार्विन गावातले नावाजलेले डॉक्टर. वजन दीडशे किलोच्या घरात आणि दराराही तेवढाच. आई सुझॅना ही वेजवूड या चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या श्रीमंत घराण्यातली.

जुलै १८१७ मध्ये पोटाच्या दुखण्याने आई गेली. चार्ल्स तेव्हा ८ वर्षांचा होता.

मोठ्या बहिणींनी त्याला सांभाळलं. पण दुःख इतकं होतं की घरात आईचा विषय निघणंच बंद झालं. पुढे आयुष्यभर डार्विनला आई जवळपास आठवतच नव्हती. आठवायचं ते तिचं मरणाचं अंथरूण, तिचा काळा मखमली झगा आणि तिचं कामाचं टेबल. बस एवढंच.

हा तपशील लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

वडिलांना वाटत होतं की पोरगा डॉक्टर व्हावा. म्हणून १८२५ साली, वयाच्या १६ व्या वर्षी त्याला एडिनबराला पाठवलं. तिथे त्याने दोन ऑपरेशन्स पाहिली, त्यातलं एक लहान मुलाचं होतं. तेव्हा क्लोरोफॉर्म आलेलं नव्हतं. म्हणजे पेशंट शुद्धीवर, किंचाळतोय, आणि डॉक्टर कापतायत. डार्विन ऑपरेशन अर्ध्यावर सोडून पळाला आणि पुन्हा कधी त्या खोलीत गेला नाही. ते दृश्य त्याच्या डोक्यातून कित्येक वर्षं गेलं नाही.

डॉक्टरकी सुटली. वडिलांनी वैतागून त्याला केंब्रिजला घातलं, की निदान पाद्री तरी होईल. तिथे हा गडी किडे गोळा करत बसला.

जहाजावर पाच वर्षं आणि मनुका

१८३१ मध्ये त्याला 'बीगल' जहाजावरून जगप्रवासाची संधी आली. पण जहाज निघायला उशीर होत होता आणि डार्विन प्लिमथ बंदरात दोन महिने अडकून पडला. घर सोडायचं, परत येऊ की नाही माहीत नाही, या विचारांनी तो खचला. छातीत धडधड आणि दुखणं सुरू झालं. आपल्याला हृदयाचा आजार झालाय असं त्याला वाटू लागलं.

पण तो डॉक्टरकडे गेला नाही. कारण डॉक्टर म्हणाले असते, तू प्रवासाला लायक नाहीस.

२७ डिसेंबर १८३१ ला जहाज निघालं आणि पुढची जवळपास पाच वर्षं समुद्राने त्याला सुखाने राहू दिलं नाही. जहाज हललं की हा आडवा. अशा वेळी पोटात टिकायच्या त्या फक्त मनुका, त्याही वडिलांच्या सल्ल्याने.

बोट लागणं हा प्रकार मनाचा नाही. डोळे मेंदूला सांगतात की खोली स्थिर आहे, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की सगळं हलतंय. या गोंधळात मेंदू उलटीचं बटण दाबतो.

पण हाच माणूस दक्षिण अमेरिकेत जमिनीवर उतरला की घोड्यावरून शेकडो किलोमीटर फिरायचा, उघड्यावर झोपायचा, डोंगर चढायचा. १८३४ मध्ये चिलीत एकदा तो काही आठवडे अंथरुणाला खिळला, पण एरवी तब्येत ठणठणीत. म्हणजे शरीर मुळातच कमकुवत होतं असं म्हणता येत नाही.

मार्च १८३५ मध्ये अर्जेंटिनातल्या मेंडोझा प्रांतात मुक्कामाला असताना त्याला एका मोठ्या काळ्या, रक्त पिणाऱ्या ढेकणासारख्या किड्याने चावलं. डार्विनने ते वहीत नोंदवून ठेवलं. ही नोंद सव्वाशे वर्षांनी बॉम्बसारखी फुटणार होती.

एक गुप्त वही आणि धडधडणारी छाती

ऑक्टोबर १८३६ मध्ये डार्विन परतला तेव्हा तो विज्ञानाच्या वर्तुळात आधीच नावाजला होता. पुढच्या वर्षी, जुलै १८३७ मध्ये त्याने एक वही उघडली. विषय होता, एका प्रजातीतून दुसरी प्रजाती तयार होते का?

आज हे वाचून काही वाटत नाही. पण तेव्हाच्या इंग्लंडमध्ये प्रत्येक प्राणी देवाने वेगळा घडवला, हे धर्माचंच नाही तर बहुतेक शास्त्रज्ञांचंही मत होतं. ज्या प्राध्यापकांनी डार्विनला केंब्रिजमध्ये घडवलं, ते स्वतः पाद्री होते. ही वही म्हणजे आपल्याच गुरूंच्या, आपल्याच माणसांच्या विरोधात जाणं.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये छातीतली धडधड परत आली. डॉक्टरांनी काम सोडून गावाकडे जायला सांगितलं.

जानेवारी १८३९ मध्ये त्याने एमा वेजवूडशी लग्न केलं. एमा त्याच्या सख्ख्या मामाची मुलगी. मामेबहिणीशी लग्न ही गोष्ट मराठी माणसाला नवीन नाही, आणि तेव्हाच्या इंग्लंडमध्येही ती चालायची. एमा मनापासून धार्मिक होती. नवऱ्याच्या डोक्यात काय चाललंय हे तिला माहीत होतं, आणि मेल्यानंतर आपण दोघं एकमेकांपासून कायमचे दुरावणार तर नाही ना, ही तिची भीती होती. तिने ती त्याला पत्रातून कळवलीही होती. म्हणजे ज्या बाईवर त्याचा सगळ्यात जास्त जीव होता, तिलाच त्याच्या शोधाने त्रास होणार होता.

१८४२ मध्ये हे कुटुंब लंडन सोडून पंचवीसेक किलोमीटरवरच्या डाऊन गावात राहायला गेलं. डार्विनने घराशेजारचा रस्ता खणून खाली करून घेतला, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांना घरात डोकावता येऊ नये. अभ्यासिकेच्या खिडकीपाशी आरसा लावला, म्हणजे दारात कोण येतंय ते आधीच दिसावं. आणि अभ्यासिकेच्याच एका कोपऱ्यात आडोसा करून बेसिनची सोय केली. उलटी आली तर पळत जायला.

त्याच वर्षी त्याने सिद्धांताचा पेन्सिलने लिहिलेला आराखडा तयार केला. १८४४ मध्ये तो वाढवून मोठा निबंध लिहिला. छापला नाही. एमाच्या नावे पत्र लिहून ठेवलं की मी अचानक मेलो तर ४०० पौंड खर्चून हे छापून घे. एका जवळच्या मित्राला पत्रातून हा विचार सांगितला तेव्हा त्याला खुनाची कबुली दिल्यासारखं वाटलं होतं.

त्याच साली उत्क्रांतीवर दुसऱ्याच कोणाचं तरी एक पुस्तक निनावी छापलं गेलं. त्यावर प्रचंड गदारोळ झाला. ते पुस्तक फाडून खाणाऱ्यांमध्ये डार्विनला भूगर्भशास्त्र शिकवणारे सेजविक गुरुजीही होते. डार्विनने हे सगळं वाचलं, निबंध बाजूला ठेवला आणि पुढे आठ वर्षं समुद्रातल्या खडकांना चिकटणाऱ्या बार्नाकल नावाच्या जीवांचा अभ्यास करत बसला.

भीती डोक्यात असते, मग उलटी का होते?

उलटी पोटातून येते असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तिचा हुकूम मेंदूतून सुटतो.

मेंदूच्या अगदी खालच्या भागात, जिथून मज्जारज्जू सुरू होतो तिथे, उलटीचं नियंत्रण करणारं पेशींचं जाळं असतं. या जाळ्याला चार दिशांनी निरोप येतात. पहिला, रक्तातून. विष किंवा औषध रक्तात मिसळलं की. दुसरा, पोट आणि आतड्यातून. तिसरा, कानातल्या तोलाच्या यंत्रणेतून, म्हणजे बोट किंवा गाडी लागते तो. आणि चौथा, मेंदूच्याच वरच्या भागांतून, जिथे भीती, किळस, आठवणी आणि वास यांचा हिशेब चालतो.

हा चौथा रस्ता बाकी तिघांइतकाच खरा आहे. कॅन्सरच्या काही पेशंट्सना पुढच्या केमोथेरपीसाठी हॉस्पिटलच्या दारात पाऊल टाकताच मळमळायला लागतं. औषध अजून शरीरात गेलेलंच नसतं. मेंदूने वास, जागा आणि उलटी यांची गाठ मारलेली असते.

पोट आणि मेंदू यांना जोडणारी व्हेगस नावाची एक लांब नस आहे. तिच्यातून दोन्ही बाजूंनी निरोप जातात. माणूस घाबरला की तणावाची रसायनं सुटतात, पोट रिकामं व्हायचा वेग मंदावतो, आम्ल आणि गॅस जास्त जाणवायला लागतात. पोटातली ही गडबड परत मेंदूकडे कळवली जाते. मेंदू आणखी घाबरतो. एक चक्र सुरू होतं.

काही दिवसांनी माणसाला मूळ गोष्टीपेक्षा उलटीचीच भीती वाटायला लागते. चारचौघांत झालं तर? मग तो चारचौघांत जाणंच टाळतो.

आता डार्विनचा खाली केलेला रस्ता, खिडकीतला आरसा आणि कोपऱ्यातलं बेसिन पुन्हा आठवून बघा.

पाण्याने गुण आला, पण त्याच गावात मुलगी गेली

नोव्हेंबर १८४८ मध्ये वडील गेले. डार्विनची तब्येत इतकी ढासळलेली होती की त्यांच्या अंत्यविधीलाही तो नीट हजर राहू शकला नाही. त्या हिवाळ्यात सारख्या उलट्या, डोळ्यांपुढे काळे ठिपके, हातांना कंप. आपण आता मरतोय असंच त्याला वाटू लागलं.

तोवर त्याने काय काय करून पाहिलं होतं! पितळ आणि जस्ताच्या साखळ्या व्हिनेगरमध्ये भिजवून अंगाला गुंडाळायचाही प्रयोग झाला. त्यातून सौम्य वीज वाहते आणि आजार बरा होतो, अशी तेव्हाची फॅशन होती.

मार्च १८४९ मध्ये तो बायको-पोरांसकट मॉल्व्हर्न गावात डॉक्टर जेम्स गली यांच्याकडे गेला. गली यांचं निदान होतं की आजार मज्जासंस्थेतून आलाय. उपचार म्हणजे पहाटे उठायचं, गार पाण्यात भिजवलेल्या टॉवेलने अंग लालबुंद होईपर्यंत घासून घ्यायचं, पोटाला ओली पट्टी बांधायची, भरपूर चालायचं. साखर, लोणी, मसाले बंद. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डोक्याचं काम जवळपास बंद.

चमत्कार वाटावा असा फरक पडला. उलट्या थांबल्या, वजन वाढलं, डार्विन मैलोन्‌मैल चालायला लागला. साधारण चार महिन्यांनी घरी परतल्यावर त्याने बागेत पाण्याची टाकी बांधून हेच उपचार सुरू ठेवले आणि रोजच्या तब्येतीची वही लिहायला सुरुवात केली. ही वही त्याने १८५५ पर्यंत चालवली.

गार पाण्याने आजार बरा झाला का? बहुधा नाही. काम बंद, ताण बंद, साधं जेवण, चालणं, आणि काळजी घेणारा डॉक्टर, यातलं नेमकं काय लागू पडलं ते कळायला मार्ग नाही. पण यातली एकही गोष्ट पोटात घ्यायचं औषध नव्हती.

मग १८५१ आलं. डार्विनची लाडकी मुलगी ॲनी, वय वर्षं १०, आजारी पडली. ज्या गली डॉक्टरांनी आपल्याला बरं केलं तेच तिलाही करतील या आशेने डार्विनने तिला मॉल्व्हर्नला नेलं. एमाचे दिवस भरत आले होते, ती घरीच होती. डार्विन मुलीच्या उशाशी बसून होता. तिलाही उलट्या होत होत्या. तो रोज पत्राने एमाला तिची अवस्था कळवायचा.

२३ एप्रिल १८५१ ला ॲनी गेली. तिला मूठमाती द्यायलाही डार्विन थांबू शकला नाही, एमाजवळ जायला तो लगेच निघाला. वेजवूड आणि डार्विन या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या आपसात लग्नं झाली होती. आपल्यातलंच काही दुखणं पोरांमध्ये उतरलं नाही ना, ही भीती त्याला पुढे आयुष्यभर पुरली.

डार्विन आणि एमाला १० मुलं झाली. त्यातली ३ लहानपणीच गेली.

ज्या दिवशी इतिहास घडला, त्या दिवशी तो स्मशानात होता

१८ जून १८५८. डार्विनच्या हातात एक पाकीट पडलं. आजच्या इंडोनेशियातल्या बेटांवरून आल्फ्रेड रसेल वॉलेस नावाच्या तरुण निसर्ग अभ्यासकाने एक लेख पाठवला होता. डार्विनने वीस वर्षं दाबून ठेवलेला सिद्धांत त्यात जवळपास जसाच्या तसा होता.

त्याच दिवसांत घरात साथीचा ताप शिरला. २८ जूनला त्याचा दीड वर्षांचा मुलगा चार्ल्स वारिंग गेला.

१ जुलैला लंडनच्या लिनियन सोसायटीत डार्विन आणि वॉलेस या दोघांचं लेखन एकत्र वाचलं गेलं. वॉलेस हजारो मैल दूर होता. डार्विन आपल्या लेकराला पुरत होता.

आता पुस्तक लिहिण्याशिवाय पर्याय नव्हता. त्याने ते १३ महिने आणि काही दिवसांत लिहिलं. मधे मधे तब्येत बिघडली की पाण्याच्या उपचारांना पळायचं, परत यायचं आणि लिहायला बसायचं. प्रकाशनाच्या दिवशी तो इल्कलीत का होता, ते आता लक्षात आलं असेल.

जून १८६० मध्ये ऑक्सफर्डला त्याच्या सिद्धांतावर ती गाजलेली खडाजंगी झाली. एका बाजूला बिशप विल्बरफोर्स, दुसऱ्या बाजूला डार्विनचा मित्र हक्सली. डार्विन तिथेही नव्हता. पुन्हा पोट, पुन्हा पाण्याचे उपचार.

सप्टेंबर १८६३ मध्ये तो एमासोबत पुन्हा मॉल्व्हर्नला गेला. तेच गाव, जिथे ॲनीला पुरलं होतं. या वेळी बरं वाटायच्या ऐवजी तो पार कोसळला आणि पुढचे कित्येक महिने रोज उलट्यांचे गेले. दाढी वाढली ती याच काळात. आपल्या डोळ्यासमोर येणारा दाढीवाला डार्विन या आजारपणातून बाहेर आलेला आहे.

१८६५ मध्ये त्याने एका नव्या डॉक्टरसाठी स्वतःची लक्षणं लिहून काढली. उलटीच्या आधी थरथर, आवरता न येणारं रडू, मरतोय असं वाटणं, कानात आवाज. आणि त्यात आणखी एक गोष्ट होती. एमा सोडून गेली की त्याला अस्वस्थ व्हायचं. वयाच्या ५६ व्या वर्षी, जगप्रसिद्ध असताना, त्याने हे कागदावर लिहिलं. डॉक्टरांनी पाठीच्या कण्यावर बर्फाच्या पिशव्या ठेवायला सांगितल्या. काही उपयोग झाला नाही.

उलटीवर डार्विननेच लिहून ठेवलं

१८७२ मध्ये डार्विनने माणूस आणि प्राण्यांच्या भावना कशा व्यक्त होतात यावर पुस्तक लिहिलं. त्यात किळस या भावनेबद्दलही आहे.

त्यात त्याने तरुणपणीचा एक प्रसंग सांगितलाय. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला टिएरा देल फुएगो इथे तो थंड डबाबंद मांस खात होता. तिथल्या एका स्थानिकाने त्या मांसाला बोट लावलं आणि त्याच्या मऊपणाची त्याला किळस आली. इकडे डार्विनला किळस आली ती त्या परक्या माणसाने आपल्या जेवणाला हात लावला याची, आणि तो हात घाणेरडा दिसत नव्हता हेही त्याने प्रामाणिकपणे लिहिलं. आज वाचताना त्यात गोऱ्या साहेबाचा तोराही दिसतो. पण मुद्दा पक्का आहे. अन्न तेच, दोघांची पोटं ठीक, तरी किळस दोघांनाही, आणि कारणं वेगवेगळी. म्हणजे किळस अन्नात नव्हती, डोक्यात होती.

त्याने हेही टिपलं की आपण काहीतरी भलतंच खाल्लं आहे या नुसत्या कल्पनेनेही काही माणसांना लगेच ओकारी येते, पोट नाकारेल असं त्या अन्नात काही नसलं तरी. आपल्या पूर्वजांमध्ये नको ते अन्न हवं तेव्हा बाहेर टाकायची ताकद असावी आणि ही सवय तिचा उरलेला अंश असावा, असा त्याचा अंदाज होता.

म्हणजे मनातून उलटी होऊ शकते हे त्याला माहीत होतं. आणि स्वतःच्या बाबतीतही त्याने लपवलं नाही. उत्साह, गर्दी, वाद यांनी आपल्याला त्रास होतो हे त्याने आत्मचरित्रात साफ लिहिलं. आजारपणाने आयुष्यातली कित्येक वर्षं खाल्ली, पण त्याच आजारपणाने समारंभ आणि मौजमजेत वेळ घालवण्यापासून वाचवलं, असंही त्याने म्हटलं.

मग नक्की झालं काय होतं?

१९५९ मध्ये साऊल अॅडलर या परजीवींच्या अभ्यासकाने मेंडोझाच्या त्या किड्याची नोंद शोधून काढली. तो किडा चागस नावाचा आजार पसरवतो, त्यामुळे डार्विनला तोच झाला असावा असं त्यांनी मांडलं. खळबळ उडाली. पण छातीतली धडधड प्लिमथला, म्हणजे किडा चावायच्या आधीच सुरू झाली होती. शिवाय अनेक वर्षांनी, १८७० नंतर, डार्विनची तब्येत सुधारली होती.

कोणी म्हणालं, त्याला दूध पचत नसावं. कोणी आतड्याच्या क्रॉन्स आजाराचं नाव घेतलं. कोणी पॅनिक डिसऑर्डर सुचवला. ऑस्ट्रेलियन डॉक्टर जॉन हेमन यांनी २००९ मध्ये सायक्लिक व्हॉमिटिंग सिंड्रोमकडे बोट दाखवलं. या आजारात उलट्यांचे झटके येतात, मधल्या काळात माणूस बरा असतो. गंमत म्हणजे हा आजार शरीराचाच, पण ताण किंवा उत्साह झाला की झटका येतो.

राल्फ कोल्प या मानसोपचार तज्ज्ञाने १९७७ मध्ये या आजारपणावर अख्खं पुस्तक लिहून सिद्धांताच्या ताणाकडे लक्ष वेधलं. आणि ब्रिटिश मानसोपचार तज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९९० मध्ये डार्विनचं चरित्र लिहिलं तेव्हा ते ८ वर्षांच्या त्या पोरापर्यंत मागे गेले. आई गेली, रडायची सोय नाही, बोलायची सोय नाही. बोल्बींच्या मते न बोललेलं ते दुःख पुढच्या प्रत्येक ताणात, प्रत्येक मृत्यूत शरीरातून बाहेर पडत राहिलं.

यातलं एकही मत सिद्ध झालेलं नाही आणि दीडशे वर्षांपूर्वीच्या पेशंटवर शिक्का मारणं कोणालाच शक्य नाही. मनाच्या बाजूनेही सगळं नीट जुळत नाही. सगळ्यात भयंकर आजारपण १८६३ चं, तेव्हा पुस्तक येऊन चार वर्षं झाली होती. काही झटके कारणाशिवायच आले.

पण या सगळ्या वादात एक चूक पुन्हा पुन्हा होते. किडा सापडला की लोक म्हणतात, बघा, आजार खरा होता. ताण सापडला की म्हणतात, बघा, आजार मनाचा होता. म्हणजे जणू दुसरा खोटा.

डार्विनच्या उलट्या खऱ्या होत्या. बेसिन खरं होतं, न झोपलेल्या रात्री खऱ्या होत्या. भीतीने आलेली ओकारी आणि शिळ्या अन्नाने आलेली ओकारी, दोन्हींचा हुकूम मेंदूच्या त्याच भागातून सुटतो. मनामुळे होतंय याचा अर्थ माणूस नाटक करतोय असा होत नाही.

म्हणूनच उलट्या वारंवार होत असतील तर आधी पोटाची नीट तपासणी व्हायलाच हवी. उलटीत रक्त दिसलं, वजन उतरायला लागलं, पाणीही टिकेना किंवा सोबत जोरात डोकं किंवा पोट दुखायला लागलं तर थांबायचं नाही. पण सगळे रिपोर्ट नॉर्मल आले म्हणजे काही झालंच नाही असंही नाही. तिथून पुढचा प्रश्न विचारायचा असतो. हे कधी होतं? कोणासमोर होतं? कशाच्या आधी होतं? आज मानसोपचारात या त्रासावर उपचार आहेत आणि गरज पडली तर औषधंही आहेत.

डार्विनच्या वेळी यातलं काही नव्हतं. त्याच्याकडे होती एमा, जी रोज संध्याकाळी त्याच्यासोबत बॅकगॅमन खेळायची आणि त्याला कादंबऱ्या वाचून दाखवायची. एक वाळूची पायवाट होती, जिच्यावर तो रोज फेऱ्या मारायचा. आणि दिवसातले काही तास, ज्यात पोट साथ द्यायचं.

शेवटच्या दहा वर्षांत त्याची तब्येत बरीच बरी राहिली. सिद्धांत जगासमोर आला होता, बाजूने भांडणारे मित्र होते, पोरं मोठी झाली होती. तो निवांत गांडुळांवर प्रयोग करत होता.

१९ एप्रिल १८८२ ला डाऊनच्या घरी, ७३ व्या वर्षी हृदयविकाराने डार्विन गेला. त्याला गावातच पुरायचं ठरलं होतं, पण शेवटी वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये, न्यूटनपासून जवळच जागा मिळाली. गर्दीला आयुष्यभर घाबरलेल्या माणसाला निरोप द्यायला मोठी गर्दी जमली होती.

एमा मात्र तिथे गेली नाही. ती डाऊनच्या घरीच थांबली.